सत्ताविसाव्या पानावरची पेशी

मी आगाऊ होते, हे आधीच सांगून टाकते. अकरावीत असताना अमरावतीतल्या माझ्या वर्गातली पोट्टी रविवारीसुद्धा नीटच्या शिकवणीला जायची, आणि मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून अकोल्याला जायचे. तिथे एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून झालं तरी त्यांचं मन भरलं नव्हतं. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती, आणि दरवर्षी अकरावीची चारच मुलं घेऊन त्यांना बी.एस्सी.चं जीवशास्त्र शिकवायच्या. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं ते मी हुशार म्हणून नाही. "तुह्ये प्रश्न झेलनं माह्या बसचं नाई, तू तिकडंच जाय," असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते.

बाबांना काही ते पटलं नाही.

"हे पेपरात येते काय?"

"नाही."

"मंग कायले जातं वं?"

"समजून घ्यायला."

"समजून काय करतं?" बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पुढे तो प्रश्न मला फार महागात पडला.

घरी आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ताई. ताईचं लहानपणापासून एक होतं, थंडी पडली की तिचे हातपाय दुखायचे. साधे नाही. ती उशी दातात धरून पडायची. डोळे पिवळट दिसायचे म्हणून आईने तिला तीनदा अंजनगावला नेऊन एका बाबाकडून काविळीची माळ घालून आणली होती. ती माळ रोज थोडी लांबते आणि गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली असं म्हणतात. माळ तिन्ही वेळा लांबली. डोळे पुन्हा पिवळे झाले. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, आईने पालक खाऊ घातला, आणि मी, घरातलं शेंडेफळ, मी तिला नाव दिलं 'नाटक कंपनी'. कारण काय, तर भांडी घासायला बसली की हमखास तिचे हात दुखायला लागायचे. "भांड्यांची वेळ झाली, नाटक कंपनी सुरू!" मी ओरडायचे आणि घर हसायचं. ताईसुद्धा हसायची. हसत हसत थंड पाण्यात हात घालायची.

त्या वर्षी ताईचं ठरलं. मुलगा परतवाड्याचा, शिक्षक, घरची माणसं बरी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. आईने आम्हा दोघींना बजावून ठेवलं, "साक्षगंध होईस्तोर दुखण्याचं नाव काढाचं नाई. कोनापाशीच नाई."

अकोल्याच्या त्या मागच्या खोल्या मला पहिल्या दिवसापासून आवडल्या आणि पहिल्या दिवसापासून तिथे भीतीही वाटली. खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या रंगवलेल्या होत्या, त्यामुळे भर दुपारीही उजेड दुधासारखा यायचा आणि कशाचीच सावली पडायची नाही. फळ्यांवर बरण्या. त्यातल्या लेबलांची शाई उडालेली, म्हणून आत काय आहे ते आपणच ओळखायचं. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत जायचा. कॉलेजने मोडीत काढलेले चार मायक्रोस्कोप आणि एक कुलूप लावलेलं लाकडी कपाट. मॅडम हळू बोलायच्या, आणि प्रत्येक तासाला एकच वाक्य बोलायच्या, "जे दिसतं तेच काढा. पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे."

आम्ही मान डोलवायचो आणि उतरवून काढायचो. आपल्याकडे प्रॅक्टिकलची वही, म्हणजे जर्नल, कोणी डोळ्यांनी बघून काढत नाही. आधीच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल मिळवायचं, शेजारी ठेवायचं, आणि पेशी न् पेशी तशीच उतरवायची. त्यानेही त्याच्या आधीच्याचं उतरवलेलं असतं. यात कोणाला चोरी वाटत नाही. मी तर त्यात तरबेज होते, माझी पेन्सिल झक्क चालायची. अमरावतीतच राजापेठकडच्या, बी.एस्सी. करणाऱ्या एका सीनियर मुलीने मला तिचं जर्नल दिलं होतं, खाकी कव्हर घातलेलं, कोपरे मऊ झालेले.

डिसेंबरात रक्ताचा प्रयोग आला. स्वतःच्या बोटाला सुई टोचून थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या काचेने पातळ पसरायचा, वाळवून रंग द्यायचा आणि भिंगाखाली जे दिसेल ते काढायचं. माझी पट्टी बिघडली. रक्त जाड पसरलं, सगळा निळा चिखल. पुन्हा टोचून घेण्याचा मला कंटाळा आला. घरी येऊन मी सीनियरच्या जर्नलमधलं सत्ताविसावं पान उघडलं आणि उतरवून मोकळी झाले. गोल गोल तांबड्या पेशी, मधे एक पांढरी पेशी, आणि तिच्या उजव्या हाताला एक पेशी वाकडी. दोन्ही टोकांना निमुळती, विळ्यासारखी. काय आहे कोण जाणे, पण होती म्हणून मीही काढली. वरून छानपैकी शेडिंग केलं.

जानेवारीत मॅडमनी जर्नल्स मागितली. "सत्ताविसावं पान उघडून टेबलावर ठेवा," म्हणाल्या. दुसरं कुठलंच पान नाही. आम्ही चौघांनी चार जर्नल्स ओळीने मांडली.

ऐ माय! मी एकेक पान पाहत गेले आणि पाठीतून थंडी उतरली. चार घरची चार मुलं. दोघं मूर्तिजापूरचे, एक अकोल्याची, एक मी. आम्हाला जर्नल्स देणारे सीनियरही वेगवेगळे, एकमेकांना न ओळखणारे. आणि चारही पानांवर तीच वाकडी पेशी, त्याच जागी, पांढऱ्या पेशीच्या उजव्या हाताला. एकाने तिच्याकडे बाण काढून 'धूळ' लिहिलं होतं. एकीने 'फाटलेली पेशी'. कोणीच ती गाळली नव्हती.

मॅडमनी प्रत्येक पानावर वर लिहिलेल्या नावावर तळहात ठेवला आणि नुसतं चित्र पाहिलं. मग विचारलं, "हे कोणाचं रक्त आहे?"

तिघं खाली पाहायला लागले. मला काय अवदसा आठवली, मी ताठ मानेने म्हणाले, "माझं. मी स्वतः पाहिलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मलाही दाखव."

बाकीच्या तिघांना त्यांनी पुढच्या खोलीत वाचायला बसवलं. माझ्या बोटाला सुई टोचली, स्वतः पट्टी केली, स्वतः रंग दिला. मी भिंगाला डोळा लावला. सगळ्या पेशी गोल. एकसुद्धा वाकडी नाही.

"गोल आहेत," मी पुटपुटले. कानशिलं तापली होती. आता रागावतील, हाकलतील, सरांना कळवतील. त्यांनी मात्र कसलीशी पांढरी भुकटी पाण्यात विरघळवली, माझ्या बोटातून आणखी एक थेंब घेऊन त्यात मिसळला, वर पातळ काच ठेवली आणि काचेच्या चारही कडा व्हॅसलीनने बंद करून टाकल्या.

"आता आत हवा जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तासभर थांबू."

मग कनवटीची किल्ली काढून त्यांनी ते लाकडी कपाट उघडलं. आतून एक जुनं जर्नल आणि एक काचपट्टी काढली. जर्नलच्या पानांचा रंग चहासारखा झाला होता. सत्ताविसावं पान. तीच पेशी. पण हिची रेघ उतरवलेली नव्हती. पेन्सिल थांबून थांबून, भिंगातून पाहून पाहून चाललेली कळत होती. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'चूक. पुस्तकाप्रमाणे काढा.'

"हे अक्षर माझं आहे," मॅडम म्हणाल्या.

ती मुलगी त्यांच्या कॉलेजातली, अचलपूरकडच्या बागायतदाराची. अबोल. तिने स्वतःचं रक्त पाहिलं, दिसलं तसं काढलं, आणि मॅडमनी गठ्ठ्यातली जर्नल्स तपासताना पट्टी न बघता लाल रेघ मारली. मुलीने वाद घातला नाही. पुढच्या पानावर सगळ्या पेशी गोल काढून दिल्या. पुढे लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणात ती गेली. नुसता हातापायांचा ठणका आहे म्हणून सासरी कोणी लक्ष दिलं नव्हतं. काही महिन्यांनी तिची आई कॉलेजात येऊन ते जर्नल देऊन गेली. तिला वाटलं, कॉलेजची वस्तू आहे. मॅडमनी ते पान उघडलं, धावत जाऊन प्रयोगशाळेतल्या पेटीतून तिची पट्टी शोधली, आणि पहिल्यांदा पाहिली.

"पण तोवर तिचं जर्नल कितीजणांनी उतरवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांचं पुढच्यांनी. भावाकडून बहिणीकडे, या गावातून त्या गावात. ती दरवर्षी येते गं. कोणाच्या ना कोणाच्या हातून येतेच. मी हा वर्ग सुरू केला, त्यातही पहिल्याच वर्षी आली."

त्यांनी ती जुनी पट्टी मायक्रोस्कोपखाली लावली. मला पाहायचं नव्हतं, खरं सांगते. जिला जाऊन इतकी वर्षं झाली तिचं रक्त. पण मी पाहिलं. रंग अजून ताजा होता, जांभळट गुलाबी. मॅडमनी पट्टी हळूच सरकवली आणि ती जागा आली. मधे पांढरी पेशी, तिच्या उजव्या हाताला ती. मी जिला शेडिंग करून सजवलं होतं ती. आणि पट्टी आणखी सरकवली तर तशाच अजून, विळेच विळे. मुलीने त्यातली एकच काढली होती. मला रडूच यायला लागलं.

"आता तुझी पाहू," मॅडम म्हणाल्या.

बंद काचेखालचं माझं रक्त. तासापूर्वी गोल होतं ते. मी डोळा लावला आणि झटकन मागे सरले. पेशींना टोकं फुटली होती. सगळ्या नव्हत्या वाकल्या, पण कितीतरी वाकल्या होत्या. हवा बंद होताच माझ्या रक्ताने तो आकार घेतला होता. खोटं म्हणून काढलेलं चित्र माझ्याच बोटातून खरं होऊन बाहेर आलं होतं.

"घाबरू नकोस," मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "याला सिकलसेल म्हणतात. आपल्या भागात कोणाच्याही घरी असतं, जात-पात काही बघत नाही. तू आजारी नाहीस. तुझ्याकडे हा दोष आई किंवा बाबा, एकाकडूनच आलाय, त्याने तुला काही होणार नाही. दोघांकडून आला तर मात्र आजार होतो. घरी कोणाचे हातपाय दुखतात का? थंडीत? डोळे पिवळे होतात?"

माझ्या तोंडात आईचं वाक्य बसलेलं होतं. साक्षगंधाला सातच दिवस उरले होते.

"नाही," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि मला ताईचे हात दिसायला लागले. थंड पाण्यात घातले की लाल होणारे, मग वाकडे होणारे. आम्ही शाळेत असताना तपासणीची गाडी आली होती, सिकलसेलचीच, भिंतीवर पोस्टरसुद्धा लागलं होतं. त्या दिवशी आईने आम्हा दोघींना घरी ठेवून घेतलं होतं. "उद्या लगन कराचे पोट्ट्याईचे, रगत कायले तपासाचं?" आणि ती अचलपूरची मुलगी. तिलाही घरात कोणी नाटक कंपनी म्हणत असेल. गाडीत बाया शेंगा सोलत होत्या, हसत होत्या, आणि मला वाटत होतं माझ्या समोरच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी बसून माझ्याकडे पाहत आहे. काही बोलत नव्हतं. वाद न घालणारीच होती ती.

घरी पोचले तर ताई मोरीपाशी बसून भांडी घासत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही. तिच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं.

"काय झालं वं तुले? उन लागलं काय?" ताई हसली.

मी तिथेच, मोरीच्या कठड्यावर बसून, तिला सगळं सांगितलं. पान, पट्टी, ती मुलगी, माझं रक्त, आणि मी मॅडमना 'नाही' म्हणाले तेही. ताईच्या हाताला भांड्यांची राख तशीच होती. 

"आईले सांगितलं?"

"नाही."

"सांगू नको. मले आधी पाह्याचं हाय."

बुधवारी आम्ही साडीच्या फॉलचं निमित्त काढून अकोल्याला गेलो. मॅडमनी ताईच्या डोळ्यांत पाहिलं आणि सरळ सुई हातात घेतली. तिच्या रक्ताला भुकटी लागली नाही, व्हॅसलीन लागलं नाही. साधी पट्टी केली, रंग दिला, आणि त्या पांढऱ्या उजेडात त्या पेशी आधीपासूनच वाकून बसलेल्या होत्या. मी पाहिलं. मॅडमनी पाहिलं. मग ताई स्टुलावर बसली आणि तिने भिंगाला डोळा लावला.

इतका वेळ लावून ठेवला की मला भीती वाटायला लागली. बाहेर ऑटो वाजत होते.

"म्हनजे दुखत होतं," ताई म्हणाली. डोळा न काढता. "मले वाटाले लागलं होतं का मीच सोंग करून राह्यली. तुमी सगळे म्हनत होते ना. मले खरंच वाटाले लागलं होतं."

मी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. माफी मागितली का, आठवत नाही. मागितली असेल तरी पुरेशी नव्हती.

सरकारी दवाखान्यात मोठी तपासणी झाली, मॅडमच बरोबर आल्या. तेच निघालं. साक्षगंधाच्या दोन दिवस आधी ताईने परतवाड्याला स्वतः फोन लावला आणि मुलाला स्वतः सांगितलं. तो म्हणाला, घरच्यांशी बोलून कळवतो. त्यांनी काही कळवलं नाही. आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवायची. "समजून काय केलं?" असं बाबांनी विचारलं नाही, पण मला ते रोज ऐकू यायचं. ताईच्या गोळ्या सुरू झाल्या, डोळे निवळले, दुखणं कमी झालं. आणि पुढच्या हिवाळ्याच्या पहिल्याच थंड सकाळी आईने मोरीपाशी गरम पाण्याची बादली आणून ठेवली.  बाबांनी काविळीच्या तिन्ही माळा खुंटीवरून काढून टाकल्या.

माझ्या जर्नलमधलं ते सत्ताविसावं पान मी फाडलं होतं आणि नव्या पानावर ताईचं रक्त काढलं होतं, पाहून पाहून, पेन्सिल थांबवत. मॅडमनी खाली लाल शाईत 'बरोबर' लिहिलं. 

आमच्यानंतर मॅडमच्या वर्गाला जाणारी एक मुलगी माझं जर्नल मागायला दारात आली. मी ठाम नाही म्हणणार होते. आपल्या बहिणीचं रक्त कोणा पोरीला शेडिंग करायला द्यायचं का? पण ताई आतून आली, जर्नल घेतलं, आणि त्या चित्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'हे माझं आहे. तुझं वेगळं असेल. सुई टोच आणि बघ.'

"आता नाई उतरवनार कोनी," ती म्हणाली.

जानेवारीत मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, ताई शेजारी होती. त्यांना हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. चार जर्नल्स आली होती. चारही सत्ताविसाव्या पानांवर ताईच्या वाकड्या पेशी होत्या, आणि चारही चित्रांखाली सुंदर अक्षरात उतरवलेलं होतं, 'हे माझं आहे. तुझं वेगळं असेल. सुई टोच आणि बघ.'

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ताई मात्र पुढे झुकली.

"मंग? तुमी टोचली का सुई त्याईले?"

"चौघांनाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग?"



"एका मुलीचं खरंच तुझ्यासारखं निघालं गं. थंडीत हात दुखतात तिचे. घरी कोणी मानत नाही म्हणे."

ताईने फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाशी धरला. "तिले द्या फोन," ती म्हणाली. "नाई तर तिले सांगा, मी मानतो म्हना. आन भांडे गरम पान्यानं घासाचे."